अठ्ठेचाळीस मैल आणि फोटोच्या रांगा

स्नो व्हाइटच्या सात बुटक्यांमधला डोपी आठवतोय? मोठ्या कानांचा, ढगळ अंगरख्यातला, तोंडातून एक शब्द न काढणारा. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये दर जानेवारीत मॅरेथॉनचा जो उत्सव भरतो, त्यातल्या सगळ्यात लांबलचक प्रकाराला या डोपीचं नाव आहे. गुरुवारी पाच किलोमीटर, शुक्रवारी दहा, शनिवारी एकवीसची हाफ आणि रविवारी बेचाळीसची फुल मॅरेथॉन. बेरीज ४८.६ मैल, म्हणजे अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या थोडं वर. फुल मॅरेथॉन इथे १९९४ पासून होते. हाफ आणि फुल लागोपाठ करायचं गूफी चॅलेंज २००६ मध्ये आलं, आणि तेवढ्याने समाधान न झालेल्यांसाठी २०१४ पासून हे डोपी चॅलेंज. ज्याने कुणी नाव ठेवलं त्याला माणसांची पारख होती.

मी न्यू जर्सीत राहते, मैत्रीण पुण्यात. कॉलेजात आम्ही दोघी पीटीचा तास चुकवण्यात पटाईत होतो, आणि चाळिशीनंतर दोघींनाही वेगवेगळ्या खंडांत धावण्याचं वेड लागलं. फरक एवढाच, की ती हाफ दोन तासांच्या आत करते आणि मला पावणेतीन लागतात. ती व्यवसायाने सीए आहे, हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. फ्लोरिडाहून परतून आपण तीही करू, असं ती म्हणाली, तेव्हा तिच्या नवऱ्याने हात जोडले. नोंदणीची फी सहाशे डॉलरच्या पुढे जाते. तो आकडा मी घरी दोन हप्त्यांत सांगितला.

ठरलं होतं ते असं: चारही दिवस बरोबर धावायचं, माझ्या वेगाने. तिने फोनवर "हो गं, त्यात काय" म्हटलं होतं.

बुधवार

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला स्वतः जावं लागतं, फोटो ओळखपत्रासकट. दुसऱ्या कुणाच्या हाती मिळत नाही. ही व्यवस्था ईएसपीएन वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स नावाच्या अवाढव्य क्रीडासंकुलात असते. तिथे बिबबरोबर शर्टही मिळतात. डोपीवाल्यांना सहा: चार शर्यतींचे चार, शिवाय गूफीचा एक आणि डोपीचा एक, कारण शनिवार-रविवार पुरा केला की गूफी आपोआप पुरा होतो. पदकांचंही तेच, सहा. मैत्रिणीने लगेच भागाकार केला आणि म्हणाली, "पदकामागे तेरा किलोमीटर. परवडतंय."

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत खरी बैठक झाली. इथल्या शर्यतीचा एक नियम सगळे धावणारे तोंडपाठ सांगतात: मैलाला सोळा मिनिटं. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ दहा मिनिटं, ज्याच्यापेक्षा हळू जाता येत नाही. शेवटच्या गटाच्याही मागून काही स्वयंसेवक बायका फुगे बांधून बरोबर याच गतीने निघतात. त्यांना बलून लेडीज म्हणतात. त्या तुम्हाला मागे टाकून गेल्या, की तुमची शर्यत संपू शकते आणि पुढचा प्रवास बसने. ऐकायला हा नियम अगदी सैल वाटतो. पण वाटेत जागोजागी डिस्नेची पात्रं उभी असतात, त्यांच्यासोबत फोटो काढायला रांगा लागतात, आणि तुम्ही रांगेत उभे असताना घड्याळ थांबत नाही.

मैत्रिणीने हॉटेलच्या कागदावर खातं मांडलं. आपला गट फुगेवाल्या बायकांच्या वीसेक मिनिटं आधी सुटला, तर ती वीस मिनिटं जमा. त्यांच्यापेक्षा दर किलोमीटरला जितके सेकंद वेगाने जाऊ तेही जमा. खर्च एकच: रांगा. तिने प्रत्येक दिवसाचं अंदाजपत्रक केलं आणि रविवारसाठी राखीव निधी ठेवला. "मिकी-मिनीसाठी थांबायचं नाही," असा ठराव झाला. ते एरवी डिस्नेच्या बागांमध्येही भेटतात. थांबायचं ते एरवी न दिसणाऱ्या पात्रांसाठी.

मग तिने बॅग उघडली. रविवारच्या फुल मॅरेथॉनसाठी तिने पुण्याहून दोघींसाठी स्कर्ट शिवून आणले होते: मिनीचा लाल रंग, वर पांढरे ठिपके, आणि काठाला खणाची पट्टी. आत धावायची नेहमीची तंग चड्डी, म्हणजे मांड्या घासायची भीती नाही. इथे वेशभूषा करून धावणारे शेकड्याने असतात. नियम एवढाच, की चेहरा झाकणारा मुखवटा नको आणि अंगावर असं काही नको जे दुसऱ्याच्या पायात येईल.

संध्याकाळी सातला दिवे मालवले. झोप कुणाला आली? नऊला लांबून आतषबाजीचे आवाज आले. तेव्हाही दोघी छताकडे बघत होतो.

गुरुवार

गजर रात्री दोनचा. शर्यत पाचला सुटते, पण हॉटेलांतून बस अडीच-तीनपासूनच सुरू होतात आणि सुटण्याच्या जागी चारच्या आसपास पोचलेलं बरं असतं. पाच किलोमीटरसाठी मध्यरात्री उठायचं, याचं समर्थन मला कुणालाच पटवता आलेलं नाही. या सगळ्या प्रकारात पाय शेवटी थकतात, आधी थकते ती झोप. अठ्ठ्याहत्तर किलोमीटरचा सराव करता येतो, चार रात्री दोनला उठण्याचा करत नाही कुणी.

एपकॉट या डिस्ने वर्ल्डमधल्या एका बागेच्या वाहनतळावर गाणी दणाणत होती. जानेवारीतली फ्लोरिडाची पहाट चांगली बोचरी असते. टाकून द्यायच्या लायकीचे जुने स्वेटर घालून सगळे कुडकुडत उभे. प्रत्येक गट सुटताना वेगळी आतषबाजी होते, फक्त पहिल्यांसाठी नाही, आणि हे मला फार आवडलं. शेवटच्या गटातल्या माणसालाही आपल्यासाठी फटाके उडतायत असं वाटतं.

वाट एपकॉटच्या आतून जाते. ५५ मीटर उंचीचा तो चंदेरी गोल एका बाजूला, आणि मग तळ्याभोवतीची अकरा देशांची प्रदर्शनं: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा. भारत नाही. मैत्रीण दोनदा विचारून झाली. "नाही अगं, एपकॉट उघडल्यापासून, १९८२ पासून नाही." तिने बरं म्हटलं, पण चेहरा तसाच होता.

आज लहान मुलं बरीच होती, आजोबा-आजी होते, व्हीलचेअरवरचे होते. आणि माझी मैत्रीण माझ्यापुढे वीस पावलं. हाक मारली की थांबायची, पुन्हा वीस पावलं पुढे. माणूस इतकी वर्षं वेगाने जायला शिकलेला असतो, की हळू जायचं त्याला कुणीतरी शिकवावंच लागतं. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी धाव-चाल पद्धत लोकप्रिय केली: ठरावीक वेळ धावायचं, मग दम लागायच्या आधीच ठरावीक वेळ चालायचं. पहिल्या मिनिटापासून. अनेकांना ती पळपुट्यांची वाटते. चार दिवसांच्या शर्यतीत तिच्यावाचून दुसरा शहाणपणा नाही, असं माझं मत आहे. माझ्या घड्याळावर मी नव्वद सेकंद धावणं आणि तीस सेकंद चालणं लावलं होतं. घड्याळ थरथरलं की मी चालायला लागे आणि मैत्रिणीला हे कळेपर्यंत ती पुढे गेलेली असे.

उजाडायच्या आत पहिलं पदक गळ्यात. खोलीवर आलो, मेतकूट-भात खाल्ला, पडदे ओढले.

शुक्रवार

दहा किलोमीटर. थोडा महामार्ग, थोडं एपकॉट, आणि मध्ये बोर्डवॉकची लाकडी वाट. दव पडून त्या फळ्या निसरड्या होतात, म्हणून तिथे सगळे बदकासारखे चालत होते. याहून जास्त सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तसंच व्हायला हवं. दुसरा दिवस कंटाळवाणा गेला म्हणजे नियोजन बरोबर चाललंय.

मैत्रीण आज दहा पावलं पुढे होती.

दुपारी आम्ही बागांमध्ये फिरलो नाही. अनेक जण हाच मोह आवरत नाहीत. शर्यतीहून आले की तिकीट काढून आत, आणि दिवसभर पायपीट. आम्ही पाय भिंतीला टेकवून पडलो, तिने आणलेले राजगिऱ्याचे लाडू खाल्ले आणि कॉलेजातल्या माणसांची यथेच्छ उणीदुणी काढली. ही दुपार मला चारही शर्यतींपेक्षा नीट आठवते.

शनिवार

हाफ मॅरेथॉन डोनाल्ड डकच्या नावाची. पदकावर तोच. आजूबाजूला निळे-पांढरे खलाशी वेश आणि पिवळे मोजे यांचा पूर. वाट पाहताना शेजारच्या एका काकूंनी २०१७ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी विजांच्या धोक्यामुळे हाफ रद्द झाली होती. तरी अनेकांनी आपापल्या हॉटेलांभोवती चकरा मारून एकवीस किलोमीटर पुरे केले. पदकं सगळ्यांना मिळणारच होती. काकू म्हणाल्या, पदक असं फुकट घालायला जीव होईना. मैत्रिणीने त्यांना तिथल्या तिथे मिठी मारली. ही जात एकमेकांना अंधारातही ओळखते.

आजचा रस्ता मॅजिक किंग्डम या दुसऱ्या बागेकडे. बराच वेळ नुसता रुंद रस्ता आणि दोन्हीकडे झाडी. मग एके ठिकाणी रस्ता चक्क पाण्याखालून जातो: वर कालवा, त्यात होड्या चालतात, खालून आपण. चढ लहानसाच, पण बाहेर येताना धाप लागते. नऊएक किलोमीटरवर वळण घेतलं आणि मेन स्ट्रीटवर आलो.

तोवर अंधार आणि शांतता होती. इथे एकदम दिवे, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, फलक, घंटा, आरडाओरडा, आणि समोर ५७ मीटर उंचीचा सिंड्रेलाचा किल्ला. मी थोडीफार कोरडी बाई आहे, डिस्नेच्या जादूबिदूवर माझा विश्वास नाही. पण त्या रस्त्यावर माझा वेग कुणी न सांगता वाढला, एवढी नोंद करते. किल्ल्याच्या पोटातून वाट जाते. ती अरुंद आहे, गर्दी तुंबते, आणि बाहेर पडल्यावर छायाचित्रकार टिपायला उभे असतात. म्हणून प्रत्येक जण बोगद्यातून बाहेर येताना हात पसरतो. आम्हीही पसरले.

त्यानंतरचा परतीचा भाग हा या शर्यतीचा खरा कस. हॉटेलांच्या मागून पुन्हा त्याच लांब रस्त्यावर यायचं. वळणाच्या पुलांवर रस्ता एका अंगाला कललेला, त्यामुळे एकाच बाजूचा गुडघा बोलायला लागतो. इथे मैत्रिणीचा संयम सुटला. तीन दिवस दाबून ठेवलेले पाय.

"मी जरा पुढे जाते, शेवटी भेटू?"

"जा. पण उद्या बेचाळीस आहेत."

ती शंभरएक पावलं गेली. मला पाठमोरी दिसत होती. मग रस्त्याकडेला थांबून बुटाची नाडी बांधायला बसली. ती नाडी सुटली नव्हती, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी पोचले तेव्हा उठली आणि म्हणाली, "नव्वद-तीसच ना?" आणि माझ्या घड्याळाच्या तालावर चालायला लागली. त्यानंतर ती पुढे गेली नाही.

खात्यात चौदा मिनिटं शिल्लक पडली, ती तिने रविवारी वर्ग केली.

रविवार

चौथ्यांदा दोनचा गजर झाला तेव्हा दोघींपैकी कुणीच बोललं नाही. डोपीचं न बोलणं आता नीट समजलं. मांड्या भरून आल्या होत्या, पण दुखणं असं कुठे नव्हतं. हाफ हळू केल्याचा हा फायदा. लाल ठिपक्यांचे स्कर्ट चढवले. बसमध्ये एका मुलीने काठावर बोट फिरवून विचारलं, हे कापड कुठलं. मैत्रिणीने तिला खण, चोळी आणि लक्ष्मी रोडवरची दुकानं इतकं सगळं सांगितलं की मुलीचा थांबा आला.

सुटलो तेव्हा काळोख होता. पहिले काही किलोमीटर मी फक्त पुढच्या माणसाच्या टाचा बघितल्या. मॅजिक किंग्डम पुन्हा आलं, किल्ला पुन्हा आला, हात पुन्हा पसरले. काल केलेली गोष्ट आज करताना माणूस सराईतासारखा वागतो. एका वळणावर खलनायकांची टोळी उभी होती आणि रांग मोठी. मैत्रिणीने रांगेतली डोकी मोजली, एका फोटोला लागणारे सेकंद मोजले आणि निकाल दिला: "सहा मिनिटं. मंजूर." रांगेत उभं राहून पोटऱ्या ताणून घेतल्या. रांग म्हणजे वेळेचा अपव्यय असं मानणाऱ्यांनी हा उपयोग लक्षात घ्यावा.

मग उजाडलं, आणि उजाडल्यावर फ्लोरिडा आपलं खरं रूप दाखवतो. पहाटे बोटं गारठलेली, नऊपर्यंत घामाच्या धारा. ॲनिमल किंग्डम या तिसऱ्या बागेकडे जाणारा रस्ता लांब आणि एकसुरी आहे. इथे ना पात्रं फार, ना बघे. माणसं गप्प होतात. एक जण मोठ्याने आकडे मोजत चालला होता. आम्ही भेंड्या खेळायचा प्रयत्न केला. 'ण' आल्यावर सोडला.

ॲनिमल किंग्डम १९९८ मध्ये उघडलं. म्हणजे १९९४ च्या पहिल्या मॅरेथॉनवाल्यांच्या नशिबी हे नव्हतं, आणि मला त्यांची दया येते, कारण इथे एव्हरेस्ट आहे. खोटा डोंगर, साठ मीटरच्या आसपास उंच, आणि त्यातून धावणारी आगगाडीच्या डब्यांची रोलर कोस्टर. बाग उघडल्यानंतर तिथे पोचणारे काही धावपटू मॅरेथॉन मध्येच थांबवून तिच्यात बसतात, ही इथली जुनी प्रथा. भोवतालचं गाव म्हणजे आनंदपूर, आशियातलं एक काल्पनिक राज्य, जिथे आपल्याकडच्या वाड्यांचे कमानी-सज्जे आणि नेपाळी पताका एकत्र नांदतात. अकरा देशांत न सापडलेला भारत मैत्रिणीला इथे थोडासा सापडला.

"बसायचं?" मी विचारलं. राखीव निधी तिच्या ताब्यात होता.

तिने घड्याळ पाहिलं, फुगेवाल्या बायका किती मागे असतील याचा अंदाज घेतला, आणि माझ्याआधी आत शिरली. गाडी चढते, वर रूळ तुटलेले दिसतात, आणि मग अंधारात उलटी, पाठीमागे सुटते. पंचवीसेक किलोमीटर धावलेल्या पोटाला उलटं जाणं म्हणजे काय, हे मी इथे लिहीत नाही. मैत्रीण आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर देवाचं नाव घेऊन ओरडली. खाली उतरलो तेव्हा पाय लटपटत होते, पण बसायला मिळाल्यामुळे की काय, मांड्या मोकळ्या झाल्या होत्या. मॅरेथॉनमध्ये एव्हरेस्ट करून आलो, असं सांगायची सोय झाली ती वेगळीच.

तिथून हॉलिवूड स्टुडिओज या चौथ्या बागेपर्यंतचा पट्टा वाईट. भर उन्हातला मोटारींचा रस्ता, पूल, पुन्हा कललेली वळणं. वैद्यकीय तंबूंपाशी वेदनाशामक मलम मिळतं, तिथे रांग फोटोच्या रांगेपेक्षा मोठी. माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला. मैत्रिणीने मला कठड्याला टेकवून पोटरी चोळली आणि मिठाची पुडी तोंडात रिकामी केली. मग नव्वद-तीसचं साठ-साठ केलं. कुणाच्या सांगण्याने? तिच्याच. जी बाई गुरुवारी वीस पावलं पुढे होती, ती आता म्हणत होती, "घाई कसली आहे गं, बारा मिनिटं आहेत अजून."

बोर्डवॉकच्या फळ्या आज कोरड्या होत्या. एपकॉटमध्ये शिरलो तेव्हा बाग पर्यटकांनी भरलेली. आइस्क्रीम खाणारे लोक आणि त्यांच्यामधून दोरीने आखलेल्या वाटेने आपण, मीठ साकळलेल्या तोंडाने. मेक्सिकोपाशी काही धावपटू चक्क मार्गारिटा पीत होते. हीसुद्धा प्रथा आहे. आम्ही खर्चाच्या यादीत ती धरली नव्हती, म्हणून पुढे गेलो. शेवटच्या मैलावर झग्यांतला गायकवृंद टाळ्यांच्या ठेक्यावर गात उभा असतो. तिथे अनेक जण रडतात. मी रडले नाही, मैत्रीण रडली, आणि तिने हे लिहायला हरकत नाही म्हणून सांगितलंय.

साडेसहा तासांहून थोडा जास्त वेळ लागला. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात हळू फुल मॅरेथॉन. मिकीचं पदक गळ्यात पडलं, मग गूफीचं, मग डोपीचं. तीन एकदम घातली की मान खरोखर खाली जाते.

सोमवार

सोमवारी इथे सगळे पदकं घालून बागेत हिंडतात, आणि जिने उतरताना कोण काय धावलंय ते लगेच कळतं. पाच-दहावाले सरळ उतरतात, हाफवाले कठडा धरून, डोपीवाले उलटे. आम्ही उलटे उतरलो. अनोळखी लोक अभिनंदन करत होते आणि मैत्रीण प्रत्येकाला खणाचा काठ दाखवत होती. हो, स्कर्ट तिने सोमवारीही घातला. धुऊन.

विमानतळावर सुरक्षा तपासणीत तिची पिशवी उघडायला लावली. सहा पदकं, एकेक करून ट्रेमध्ये. तपासणाऱ्या बाईने डोपीचं उचलून बघितलं, "चारही?" म्हणून विचारलं आणि हाताने जायची खूण केली.

फाटकापाशी बसल्यावर मैत्रिणीने फोन काढला. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या शर्यती २०२४ पासून पुन्हा सुरू झाल्यात, हे तिने कुठूनतरी शोधलं होतं.

"तिथे फुल नाही गं," मी म्हटलं. "पाच, दहा आणि हाफ, एवढंच."

"मग बरंच की. रांगांना किती वेळ मिळेल बघ." आणि तिने बोर्डिंग पासच्या मागे नवीन खातं मांडायला घेतलं.